कलती मान

झालं काय, तर उड्डाणपुलाखाली एक म्हैस आडवी आली अन् ॲटोवाल्यानं करकचून ब्रेक मारला. मागच्या सीटवर स्वप्नाला खेटून एक म्हातारा पेंगत बसला होता, धोतर, डोक्याला रुमाल, मांडीवर रिकामी पिशवी. त्या झटक्यानं त्याची मान एकदम सैल झाली अन् तिच्याकडं कलली. ती खांद्याला टेकायच्या आतच स्वप्नाचा डावा हात वर गेला. तिनं काही ठरवलं नव्हतं, हातानंच ठरवलं. तळवा कानामागं, बोटं मानेच्या खळगीत, अंगठा जबड्याच्या हाडाखाली. मान सरळ केली, अन् सरळ करून सोडून नाही दिली, धरून ठेवली. म्हैस गेली, ॲटो निघाला, पुढच्या खड्ड्यात आदळला, तरी हात तिथंच. अन् मंग तिच्या ध्यानात आलं की कान गरम आहे. दाढीचे खुंट हलायलेत, आतून श्वास चाललाय. तिला दचकायला पाहिजे होतं, पण दचकणं काही आलं नाही. नुसतं वाटलं, गरम आहे. बस. म्हाताऱ्यानं डोळे उघडले. "ओ बाई, काय करायलाव?"

"मामा, तुमची मान पडायली व्हती."

"माझी मान हाय. पडंल, न्हाईतर उभी राहील. तुमचं काय जायलंय?"

समोरच्या सीटवरची बाई फिदीफिदी हसली. "गप बसा की मामा, फुकटात चंपी व्हायली तर!" सगळा ॲटो हसला, ॲटोवालापण आरशात बघून हसला. स्वप्नानं हात काढून घेतला अन् मांडीवर ठेवला, उताणा, जसा कुणाचा तरी सांभाळायला दिलाय. स्टेडियमपर्यंत ती त्या हाताकडंच बघत होती. याच हातानं ती बॉल टाकायची. याच हातासाठी आज जायचं होतं.

म्हणजे राज्याच्या टीमची निवड होती. मुलींचं बेसबॉल. आता परभणीत बेसबॉल म्हटलं की अजूनपण लोक विचारतात, ते काय असतं, क्रिकेटच का? पण खेळणाऱ्या पोरी कमी नाहीत, पेडगावच्या आहेत, पोखर्णीच्या आहेत, सेलूकडच्या आहेत, अन् या सगळ्यांत डाव्या हातानं टाकणारी एकच, स्वप्ना. ज्युनिअरचं तिचं हे शेवटचं वर्ष. मागच्या वर्षी ती राखीव होती, बाकावर बसून पाणी वाटून आली. या वर्षी परमेश्वर सर सगळ्यांदेखत म्हणाले होते, "राज्याला पिचर इथूनच जाणार, बघून घ्या." ते दिवाळीच्या आधी. दिवाळी झाली अन् तिचे वडील, अप्पा, गेले, अन् त्यानंतर तिला एका पायावर उभं राहता येईना. पायाला काही झालं नव्हतं. दवाखान्यात दाखवलं, कानात बॅटरी मारून बघितलं, रक्त तपासलं, सगळं ठीक. डॉक्टर म्हणाले, "अशक्तपणा असंल, खात जा." ती खायची. समोर येईल ते खायची, चव लागायची नाही ही वेगळी गोष्ट. अप्पांचं गुजरी बाजारात चहापत्ती अन् मसाल्याचं दुकान, तिथं पाऊल टाकलं की लहानपणापासून तिला सटासट शिंका यायच्या, अप्पा म्हणायचे, आली माझी शिंकरी. आता ती दुकानात जाऊन मिरचीच्या पोत्याला टेकून बसायची अन् नाक कोरडं ठणठणीत.

परमेश्वर सरांचं सगळं शिक्षण एका गोष्टीवर होतं. तोल. ताकदीचं नाव काढलं की चिडायचे. "ताकद बैलाला बी असती. त्याला माउंडच्या उंचवट्यावर बॉल टाकायला उभं करू का?" त्यांनी कापसाच्या जिनिंगवरून सरकीची पोती आणली होती, पोरींना त्या डुगडुगणाऱ्या पोत्यावर एका पायानं उभं करायचे, दुसरा गुडघा छातीपर्यंत, अन् स्वतः खुर्चीवर बसून चहा प्यायचे. "डोकं म्हंजे कलिंगड हाय. देठावर ठेवलेलं. ते जिकडं कलंडंल तिकडं सगळं अंग जातंय. बेंबीच्या वर डोकं, टाचेच्या वर बेंबी, झालं. बॉल आपोआप जातो." बॅटिंगला पण तेच. बॅट फिरवा, कंबर फिरवा, खांदा फिरवा, पण डोकं जाग्यावर, डोळे बॉलवर, जसं काही डोकं तुमचं नाहीच, भिंतीला टांगलंय. पोरी हसायच्या. स्वप्नाला मात्र हे घरून येत होतं. घर लिंगायत, रोजची लिंगपूजा. अंघोळ झाली की डाव्या तळहातावर लिंग घ्यायचं, कोपर बरगडीला टेकवून हात डोळ्यासमोर धरायचा, अन् त्या काळ्या गोळ्यावर नजर लावायची. हात हलला की अप्पा नुसते आपल्या बोटानं तिचं कोपर खालून उचलायचे. डाव्या हातानं बॉल टाकते म्हटल्यावर आईनं, गंगम्मानं, घर डोक्यावर घेतलं होतं, "ज्या हातावर शिव बसतो त्या हातानं मातीतला चेंडू?" अन् अप्पा एकदा ग्राउंडवर येऊन बघून गेले, घरी येऊन आईला म्हणाले, "अगं, ती आपल्यासारखंच करायली. बघती लय वेळ, अन् मंग टाकती."

आज सकाळी आधी बॅटिंग झाली. चिंचेखाली निवडीच्या मॅडम खुर्ची टाकून बसल्या होत्या, बाहेरून आलेल्या, गॉगल लावून. स्वप्ना बॅट घेऊन उभी राहिली, दोन्ही पाय मातीत, दोन्ही गुडघे जरा वाकवून, अन् काहीच झालं नाही. म्हणजे चांगलंच झालं. बॉल येताना दिसत होता, शिवण फिरताना दिसत होती, डोकं जाग्यावर, बॅट आली अन् बॉल कुंपणापर्यंत गेला. मॅडमनी मान हलवली. परमेश्वर सर तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "हे जमतंय अन् ते कामून जमंना? बॅटिंगला बी तोलच लागतो ना?" ती म्हणाली, "इथं दोन पाय हायेत सर." सरांना वाटलं पोरगी उलटून बोलायली, ते निघून गेले. पण तिला खरंच तेवढंच म्हणायचं होतं. दोन पायांवर असलं की कुणी पडत नाही. पिचरला मात्र एक क्षण असा येतो की सगळं अंग एका पायावर, उजवा गुडघा वर, हात मागं जायच्या बेतात, अन् आख्ख्या ग्राउंडवर तुम्हाला धरायला कुणी नाही. तो क्षण आला की स्वप्नाची मान डावीकडं कलायची. थोडीशीच. बघणाऱ्याला दिसायची पण नाही. मान कलली की ती थांबायची, मान सावरायची, अन् मंग टाकायची. मधे थांबायचं नसतं. धावणारा बेसवर असला अन् पिचर मधे अडखळला की तो बॉक, समोरच्याला फुकट एक बेस. अन् नाही थांबलं तर बॉल बॅटरच्या डोक्यावरून.

आजही तेच. पहिला बॉल कॅचरच्या डोक्यावरून जाळीला. दुसऱ्याला ती थांबली, सर ओरडले, "थांबू नको!" तिसरा जमिनीत. बेसवर उभ्या पोरी कंबरेवर हात ठेवून बघायलेल्या. चौथ्याला पाय उचलला अन् मान कलली, अन् अप्पा आले.

म्हणजे अप्पा नाही, त्यांची मान. त्या दिवशी अप्पा दुपारी घरीच वारले, जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. आई माहेरी होती, राजेश्वर, स्वप्नाचा भाऊ, माल आणायला लातूरला, अन् स्वप्ना याच ग्राउंडवर सरकीच्या पोत्यावर एका पायानं उभी, फोन बॅगेत. शेजारच्या नर्मदाबाईला कळलं. लय मायेची बाई. ती धावत आली अन् तिनं तिच्या घरी जे करतात ते सगळं केलं. अप्पांना सरळ निजवलं, हात छातीवर, पायाचे अंगठे दोरीनं बांधले, तोंडात तुळशीचं पान ठेवलं, डोक्याशी दिवा लावला. अन् रडत बसून राहिली. तिला कसं ठाऊक असणार? लिंगायतांत माणसाला निजवत नाहीत. जीव गेला की अंग ऊन आहे तोवरच बसवतात, मांडी घालून, पाठ ताठ, डाव्या हातात लिंग, अन् तसंच बसलेलं मिरवत नेतात, अन् तसंच बसलेलं मातीत ठेवतात. संध्याकाळी आई, राजेश्वर परतले, मूळ गावाहून, वालूरहून, काका आले, भावकी आली, दारातूनच काकानं बघितलं अन् कपाळावर हात मारला. "निजवलं कुणी?" नर्मदाबाई पदर तोंडाला लावून उभी. अंग लाकूड झालेलं. मंग सगळे लागले. गरम पाणी, गरम तेल, गुडघे चोळ, कंबर चोळ. गुडघ्यांचा आवाज आला तेव्हा आई बाहेर गेली. मान चोळून चोळून मोकळी केली तर ती एवढी मोकळी झाली की राहीचना. पाठ ताठ, अन् मान डावीकडं. काकानं कपाळाला उपरणं बांधून खिडकीच्या गजाला अडकवलं, ते घसरून डोळ्यांवर आलं. आई किंचाळली, "चोरासारखं बांधता का त्यांला! सोडा!" सोडलं. मंग मान कोण धरणार? सगळे एकमेकांकडं बघायले, अन् स्वप्ना, ग्राउंडवरची माती पायाला तशीच, अप्पांच्या डाव्या बाजूला जाऊन बसली, अन् डावा तळवा त्यांच्या कानामागं लावला.

लोक येत होते, पाया पडत होते, जात होते. बेलाची पानं, भस्म, उदबत्तीचा धूर. ती धरून होती. हाताला आधी मुंग्या आल्या, मंग मुंग्यापण गेल्या, मंग हात कुठं संपतो अन् अप्पा कुठं सुरू होतात तेच कळेना, दोन्ही सारखेच गार. कुणीतरी म्हणालं, पोरगी रडंना बरं का. कुणीतरी म्हणालं, रडंल मागाहून. तिला खरं तर एवढंच वाटत होतं की बरोबर धरलंय का? बेंबीच्या वर डोकं आहे का? मंग टेम्पो आला, खुर्चीसकट अप्पांना वर चढवलं, अन् तिचा हात काढून तिथं राजेश्वरनं हात लावला. तिनं बघितलं, त्यानं नीट लावला नव्हता, वर लावला होता, टाळूकडं. ती सांगणार होती, खाली धर, हाडाखाली धर. पण माती वालूरला द्यायची होती अन् बाया तिकडं जाणार नव्हत्या, टेम्पोचं फाळकं वर झालं, अन् टेम्पो वळला तेव्हा तिला दिसलं ते शेवटचं, मान डावीकडं चाललेली. मंग टेम्पो गेला. पुढं काय झालं, अप्पा नीट बसले का, मातीत बसवताना मान कुणी धरली, माती मानेपर्यंत येईपर्यंत कुणी धरून राहिलं का, हे तिला कुणी सांगितलं नाही अन् तिनं विचारलं नाही. राजेश्वर रोज समोर जेवायला बसायचा. ती त्याला भाजी वाढायची.

"ओ महाराणी!" मास्क वर सरकवून सुकेशनी माउंडवर आली होती. सुकेशनी कॅचर, पाचवीपासूनची मैत्रीण, तोंडाळ एक नंबर. "चार बॉल टाकलेस, एक बी माझ्याकडं न्हाई. मी काय तिथं उकिडवी बसून पोटदुखीचं सोंग करायलीय का?"

"मान पडायली गं."

"कुणाची मान?"

सुकेशनीनं तिच्या तोंडाकडं बघितलं, अन् मंग तिचा आवाज उतरला. ती त्या दिवशी घरी आली होती, तिनं बघितलं होतं. "अप्पाची?"

"राजाभाऊनं वर धरली व्हती. वाटेत पडली असंल. खड्ड्यात कशी बसवली काय की."

"मंग इचारलं न्हाईस त्याला?"

"न्हाई."

"इतके दिवस झाले अन् इचारलं न्हाईस?" सुकेशनीनं बॉल तिच्या ग्लोव्हमध्ये आपटला. "येडी हायेस का गं तू? आमच्यात जाळून मोकळे होतेत, तुमच्यात बसवतेत, नर्मदाबाईकडं निजवतेत, पण इचारायला तर सगळ्यांला तोंड दिलंय ना? जा, इचार त्याला. त्याच्या टाळक्यात बॉल घालीन न्हाईतर मी." तिकडून मॅडमनी विचारलं, काय चाललंय? परमेश्वर सरांनी पुढं होऊन हात जोडले, "मॅडम, पोरीचं घरात दुःख झालंय. जेवणानंतर एकदा बघा. एकदाच." मॅडमनी गॉगल काढून स्वप्नाकडं बघितलं अन् म्हणाल्या, ठीक आहे, जेवणानंतर, पण मग शेवटचं.

दुपारी राजेश्वर डबा घेऊन आला. दुकान बंद करून आला होता, बोटांना हळद. पायऱ्यांवर सावलीत दोघं बसली, त्यानं भाकरी मोडली, शेंगदाण्याची चटणी पुढं सारली. आईनं दही दिलंय म्हणाला. घे म्हणाला. तो पण अलीकडं असंच बोलायचा, दोन-दोन शब्द. स्वप्नानं घास तोंडात घातला अन् चावता चावता विचारलं, जसं मीठ मागावं.

"अप्पा बसले का रे नीट?"

त्याचा हात थांबला. "कुठं?"

"वालूरला. मातीत."

त्यानं ग्राउंडकडं बघितलं. तिथं दोन पोरी चुन्याची रेघ ओढायलेल्या. "न्हाई," तो म्हणाला.

"म्हंजे?"

"न्हाई बसले. मानवत रोड सोडला अन् पुढं रस्ता तसला. मी धरलं, काकानं धरलं, मागून दोघांनी पाठ धरली. गावात जाईपर्यंत अंग पार कलंडलं. खड्ड्यात उतरवलं तर बसंचनात. एकदा बसवलं, पडले. दुसऱ्यांदा बसवलं, पडले. काका रडायला लागला. मंग विधीला आलेले स्वामी म्हणले, ऱ्हाऊ द्या, निजवा. शिवाला सगळं चालतंय." त्यानं भाकरीचा तुकडा चटणीत लावला अन् तसाच हातात धरला. "कुशीवर निजवलं. डोक्याखाली खड्ड्यात घालायच्या मिठाची पिशवी दिली. बरं दिसत व्हतं, स्वप्ना. खरंच. दुकानात दुपारचे लवंडायचे ना, तसे. आईला सांगू नको, काकानं शपथ घातली हाय."

"न्हाई सांगत."

"तू एवढा वेळ धरलं व्हतंस. म्हणून तुला बी न्हाई सांगितलं."

ती म्हणाली, "दही दे." त्यानं दही दिलं. तिनं खाल्लं. आपल्याला आता काय होतंय हे ती बघत बसली, जसं दूध उतू जातंय का बघत बसावं. काही झालं नाही. पोट भरलं. हात धुतला. राजेश्वर डबा आवरून म्हणाला, "दुकान उघडायचंय, पर थांबू का?" ती म्हणाली, "थांबायचं तर थांब." तो थांबला.

जेवणानंतर बॅटिंगला पेडगावची प्रियांका होती. धिप्पाड पोरगी, उभी राहिली की खुंटा ठोकल्यासारखी, तिला तोलाचं काही सांगावं लागत नाही. तिनं बॅट खांद्यावर घेतली अन् डोळा मारला, "ये गं, टाक, कुंपणाबाहेर घालते." सुकेशनी खाली बसली, ग्लोव्ह उघडला. परमेश्वर सर डोळे मिटून उभे होते, खरंच मिटून. स्वप्नानं बॉल बोटांत फिरवला, शिवण चाचपली, दम घेतला, अन् उजवा गुडघा वर उचलला.

अन् ती वाट बघायला लागली. आता येईल. आता मान जाईल. डाव्या पायावर सगळं अंग, गुडघा छातीशी, तो क्षण आला, अन् मान काही जाईना. टाच मातीत रुतल्यासारखी, कंबर टाचेवर, डोकं कंबरेवर, सगळं जिथल्या तिथं, एवढं घट्ट की तिला वाटलं संध्याकाळपर्यंत अशी उभी राहीन. जा की, ती मनात म्हणाली. डावीकडं. रोज जातेस ना. तिनं आत शोधलं, कानामागं, खांद्यात, तळव्यात, जिथं इतके दिवस ते वजन लागायचं. तळव्यात बॉल होता. नुसता बॉल, चामड्याचा, एकशे आठ टाक्यांचा. अप्पा तिकडं वालूरला मिठावर डोकं ठेवून कुशीवर निजले होते अन् त्यांना आता कुणी धरायची गरज नव्हती, तिचीपण नव्हती. अंगाला हे कळलं होतं, तिच्या आधीच कळलं होतं, अन् अंग मोकळं होऊन मस्त उभं होतं, निर्लज्जासारखं. हात मागं गेला, पाय पुढं पडला, बॉल गेला. प्रियांकाची बॅट वाऱ्यातच फिरली. ग्लोव्हमध्ये फाट् असा आवाज झाला अन् सुकेशनी बसल्या जागी किंचाळली. पुढचापण तसाच. त्याच्या पुढचापण. प्रियांका बॅट आपटून म्हणाली, "सकाळी झोपेत व्हतीस का गं?" मॅडम खुर्चीतून उठून माउंडजवळ आल्या, परमेश्वर सरांना म्हणाल्या, ही डावखुरी मला पाहिजे, नाव काय हिचं? सरांनी नाव सांगितलं, दोनदा सांगितलं. पायऱ्यांवर राजेश्वर उभा राहिला होता, हळदीच्या हातांनी टाळ्या वाजवायलेला.

सुकेशनी मास्क उडवत पळत आली. "झालं की गं! घेतलं तुला! आता रडतीस का हसतीस, काय ते कर एकदाचं!"

स्वप्नानं हात पुढं केला. "बॉल दे."

"कशाला? झालं म्हणले ना. मॅडम बी निघाल्या."

"दे. आणखी एक टाकते."

"बॅटर न्हाई, कुणी न्हाई. कुणाला टाकतीस?"

"तू बस खाली."

सुकेशनीनं तिच्याकडं बघितलं. बॉल दिला, मास्क खाली ओढला, मागं मागं चालत गेली अन् उकिडवी बसली. ग्राउंड रिकामं होत होतं, पोरी बॅगा भरायलेल्या. स्वप्नानं गुडघा छातीपर्यंत उचलला अन् एका पायावर तशीच उभी राहिली, मान जायची वाट बघत.